काकूंचं चूलबंद आवतन

इतिहास म्हणजे सनावळ्या आणि लढाया, असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्या चुलतसासूबाईंना भेटायला हवं होतं. आमच्या महिला सेवा क्लबाची जेवढी म्हणून अधिवेशनं झाली, प्रांतातली काय आणि परदेशातली काय, त्या सगळ्यांचा चालताबोलता इतिहास म्हणजे काकू. आणि त्या इतिहासात एक सन नव्हता की एक ठराव नव्हता. पंगतीत काय वाढलं आणि कोण रुसलं, या दोनच खांबांवर त्यांचा सगळा डोलारा उभा होता. क्लबाची स्मरणिका काढायची ठरली तेव्हा जुन्या अधिवेशनांची माहिती गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी वही घेऊन त्यांच्यापुढं बसले. "सोलापूरचं ना? ते शेंगाचटणीचं. त्याच्या आधीचं पातळ वरणाचं. त्या वरणात दाळ हुडकायला गडी लावावा लागला अस्ता." मी विचारलं, "अन् काकू, त्या वर्षी अध्यक्षा कोण होत्या?" काकूंनी डोळे बारीक केले. "ती गं, जिलबी संपल्यावर आल्ती अन् दोन दिवस कोणाशी बोलली न्हाई, ती." मी चौकशी केली, तर बाई खरंच तीच निघाली. आता हे स्मरणिकेत कसं छापायचं, तुम्हीच सांगा.

काकू हसनाबादच्या. चांगली जमीनजुमला असलेली माणसं. मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी जालन्यात घर केलं आणि मुलं शिकून बाहेर पडली तरी काकू काही जालन्यातून हलल्या नाहीत. एक्याऐंशी साली मी लग्न होऊन आले, त्याच सुमारास एका डॉक्टरीणबाईंच्या ओसरीत आमचा क्लब सुरू झाला. शिलाईचे वर्ग, डोळ्यांची शिबिरं, उन्हाळ्यात पाणपोई, असली कामं. पहिल्या बैठकीला काकू आल्या त्या भिशी आहे असं समजून. भिशी नाही म्हटल्यावर उठायच्याच बेतात होत्या. तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की वर्षातून एकदा अधिवेशन असतं, परगावी जायचं, दोन दिवस राहायचं, जेवणखाण तिथंच. काकू परत बसल्या. "गाडीत बसून जायचं, पंगत तयार, अन् वरून हार घालतेत? अगं मंग हे तर लगीनच झालं की!" बस्स. त्या दिवसापासून अधिवेशन म्हणजे लग्न ही त्यांची पक्की समजूत झाली आणि ती ब्रह्मदेवाच्या बापालाही बदलता आली नसती.

आणि आपण कायम मुलाकडचे! स्टेशनवर कोणी घ्यायला आलं नाही तर काकू सामानावर बसून राहायच्या, पण स्वतःहून रिक्षा करायच्या नाहीत. नोंदणीच्या टेबलावरच्या पोरीनं छातीला बिल्ला लावला की तिच्या कपाळाला कुंकू लावायच्या आणि विचारायच्या, "आता वऱ्हाडाला उतरायला जानोसा कुठं दिलाय ते सांग." उद्घाटनाला पाहुणीच्या शेजारी बसणाऱ्या बायांमध्ये मराठवाड्यातली एक तरी आहे ना, हे आधी मोजून घ्यायच्या. नसली तर सरळ स्टेजवर चढून एका बाईला म्हणायच्या, "जरा सरका, आमची बी एक बसू द्या," आणि आमच्या बिचाऱ्या डॉक्टरीणबाईंना हाताला धरून तिथं बसवायच्या. डॉक्टरीणबाई लाजेनं अर्ध्या व्हायच्या. पण खरं सांगते, पुढं पुढं प्रांतातल्या लोकांनी न सांगता आमच्यासाठी एक खुर्ची ठेवायला सुरुवात केली.

एकदा तर काकू आंतरराष्ट्रीय अधिवेशनाला कोलंबोला जाऊन आल्या. मुलांनी हौसेनं पाठवलं. काकांना कोणी विचारलं, "बायकोला समुद्रापार धाडून राह्यले तुम्ही?" तर काका म्हणाले, "अडवलं तर मलाच क्लबात घेईल ती. त्याच्यापेक्षा जाऊ द्या." काकूंनी बरोबर धपाट्यांचा डबा नेला, आणि विमानात पुढं-मागं बसलेल्या सगळ्यांना वाटला. तिकडं कानाला लावायला भाषांतराचं यंत्र दिलं होतं. काकूंनी ते काढून पर्समध्ये टाकलं. "तोंडाकडं बघितलं की समजतंय मला. कानात आणखी कोण कुरकुर लावून घ्यावी?" कुठल्याशा ठरावावर दोन देशांच्या बाया हिरिरीनं भांडल्या. मतदान झालं. काकूंनी बाजूनंही हात वर केला आणि विरोधातही. शेजारणीनं टोकलं तर म्हणाल्या, "दोघींनी बी जीव तोडून सांगितलं की गं. एकीला नाराज कसं करायचं?" जगाच्या अध्यक्षा म्हणजे एक उंचपुरी गोरी बाई होती. काकूंनी तिचा हात हातात घेतला, तळवा उलटा करून पाहिला आणि घरी येऊन आम्हाला निकाल दिला, "बाई कामाची हाय. हाताला घट्टे हायेत."

हे सगळं मला इतकं बारकाईनं ठाऊक आहे, त्याला कारण आहे. अधिवेशनाहून परत आल्या की काकू स्वतःच्या घरी जायच्या आधी रिक्षा आमच्या दारात थांबवायच्या. थेट स्वयंपाकघरात. मी परातीपुढं बसलेली असायची. आमचं घर मोठं, दोन्ही वेळेला भाकरीचा हा ढीग लागायचा. काकू पाटावर बसून सगळं अधिवेशन मला करून दाखवायच्या. अध्यक्षांचं भाषण, पाहुणीची खोकल्याची ढास, नागपूरकरणीचा तोरा, सगळं. मी क्लबाची पहिल्या दिवसापासूनची सभासद, बैठकीचे अहवाल माझ्या हातचे. पण अधिवेशन मी एकही बघितलं नव्हतं. दर वर्षी माझं नाव पुढं यायचं आणि दर वर्षी सासूबाई एकच वाक्य बोलायच्या, "जा की. अन् चुलीपुढं कोण बसंल?"  माझे यजमान पेपर तोंडापुढं धरायचे. मी परात पुढं ओढायची. पण काकूंना ते फार लागायचं. एकदा करून दाखवता दाखवता मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "मी सांगून राह्यले अन् तू ऐकून राह्यली, असं किती दिस चालायचं गं? तुला जाता येत न्हाई ना? मंग अधिवेशनच तुझ्या दारात आणते बघ." मला वाटलं, बोलतात आपलं.

पुढच्याच अधिवेशनात शेवटच्या दिवशी प्रांताध्यक्षांनी विचारलं, की येत्या वर्षीचा यजमान कोण. मोठ्या शहरातल्या क्लबांनी आपापल्या सभागृहांची, हॉटेलांची वर्णनं केली. आणि आमच्या काकू उठल्या. माईक हातात घेतला, पदर सावरला आणि म्हणाल्या, "इतकी सालं तुमच्या मांडवात जेवलो. आता तुम्ही आमच्याकडं यायचं. जालना म्हणजे सोने का पालना. समद्यांना आमचं चूलबंद आवतन हाय!"

हे चूलबंद आवतन म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्याकडं लग्नाला एक माणूस बोलवायचं आवतन वेगळं आणि चूलबंद वेगळं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटवायचीच नाही. म्हातारीकोतारी, लेकरंबाळं, घरातलं झाडून सगळं माणूस आमच्याकडं जेवायला आलं पाहिजे. प्रांताध्यक्षा पुण्याकडच्या, त्यांना तो बोलण्याचा एक गोड प्रकार वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि काकूंच्या वयाकडं बघून जालन्याच्या नावावर शिक्का मारला. पण सभागृहात परभणीच्या, हिंगोलीच्या, जिंतूर-सेलूच्या बाया बसल्या होत्या. त्यांना चूलबंद म्हणजे काय ते कोणी सांगायची गरज नव्हती.

आणि आली की हो माणसं! एका शाळेचं पटांगण आम्ही घेतलं होतं, मांडव घातला होता, नोंदणी झालेल्या बायांपुरता सगळा बेत आखला होता. सकाळपासून जीपा, टेम्पो, एस. टी.च्या गाड्या भरभरून येऊ लागल्या. बाईच्या मागं नवरा, नवऱ्याच्या मागं सासू, सासूच्या कडेवर नातू. एकीनं तर बाळंतीण लेक आणली होती, शेक-शेगडीसकट. एकीचे सासरे खाली उतरले ते थेट विचारतच, "पंगत किती वाजता हाय?" प्रांताध्यक्षा पांढऱ्याफटक पडल्या. "हे अधिवेशन आहे की जत्रा? ज्यांची नोंदणी नाही त्यांना परत पाठवा. नाहीतर मी अधिवेशन रद्द करते." डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मांडवाच्या खांबाला धरून उभी. जन्मात पहिलं अधिवेशन दारात आलं होतं आणि सुरू व्हायच्या आतच मोडायच्या बेतात होतं.

काकूंना मात्र काय बिघडलं तेच कळेना. त्यांना खरोखरच वाटत होतं, की शहरातलं आवतन एकट्या बाईला असलं, तरी आपल्या दारचं सगळ्या घरालाच असायचं. "आवतन मी दिलं. माणसं आली. आता दारात आलेल्या माणसाला जा म्हणू? बिलकुल न्हाई!" त्यांनी प्रांताध्यक्षांना खुर्चीवर बसवलं, हातात चहा दिला आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही फकस्त भाषणं सांभाळा. जेवायचं आमच्याकडं लागलं." मग त्यांनी गावाकडची रीत काढली. मोठं कार्य असलं की घरोघर पीठ वाटतात आणि ज्यानं त्यानं आपल्या चुलीवर भाकरी करून आणून द्यायची. काकू आमच्या गल्लीत शिरल्या, तिथून पुढच्या, तिथून त्याच्या पुढच्या. ज्या बायांना क्लब म्हणजे काय माहीत नव्हतं, त्यांच्या पदरात त्यांनी पीठ घातलं. हसनाबादेहून भावकीची माणसं येसराचा, म्हणजे लग्नाच्या आमटीच्या मसाल्याचा, डबा आणि मोठी पातेली घेऊन आली. आलेल्या नवऱ्यांना काकूंनी एका ओळीत बसवून पुढ्यात कांदे ओतले. तहसील कचेरीतले एक साहेब डोळे पुसत पुसत कांदे कापताना मी स्वतः पाहिले. दोन-तीन तासांत पोत्यावर भाकरीचे ढीग लागले, आणि प्रांताध्यक्षांनी घंटा वाजवून अधिवेशन सुरू केलं.

आमचं घर त्या दिवशी जानोसा झालं होतं. क्लबाचं नाव काढलं तरी नाक मुरडणाऱ्या माझ्या सासूबाईंना सेलूकडच्या कोणाच्या तरी सासूबाई भेटल्या. दोघी भाकरी थापता थापता सुनांच्या तक्रारी करत बसल्या आणि इतक्या रमल्या, की दुपारी मिळून मांडवात आल्या. नेमका तेव्हाच माझा अहवाल होता. मी कागद घेऊन माईकपुढं गेले. समोर बघते तर माझ्यासारख्याच कितीतरी बाया, ज्यांचं हे पहिलं अधिवेशन. शेजारी बसलेली मघाशी मला म्हणाली होती, "समदं घर इथंच हाय. आता मला अडवणार कोण?" मी वाचलं. मागून पहिली टाळी सासूबाईंची आली. रात्री त्या एवढंच म्हणाल्या, "बरं वाचलंस. पुढच्या बारीला जाशील तर जा."

एवढ्यावर सगळं गोड झालं असतं. पण पुढचं अधिवेशन आलं, कोल्हापूरचं, आणि निघायच्या आठवड्यातच सासूबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. चुलीजवळ जायचं नाही, धूर लागू द्यायचा नाही. त्या बिचाऱ्या तरीही "जा" म्हणत होत्या, पण घर कसं चालायचं? मी मुकाट्यानं भरलेली बॅग रिकामी केली. साड्या परत कपाटात ठेवताना मला रडू आलं. आणि डॉक्टरीणबाईंना निरोप धाडला, की माझं जमत नाही.

निघायच्या दिवशी सकाळी काकू आल्या. नवी इरकल नेसलेल्या, हातात पिशवी, खांद्याला वळकटी. मला वाटलं, स्टेशनवर जाता जाता निरोप घ्यायला आल्यात. त्यांनी पिशवी स्वयंपाकघरात कोपऱ्याला ठेवली, पदर कमरेला खोचला, परात ओढली आणि पीठ घेतलं. मी म्हणाले, "काकू, गाडीची वेळ झाली. तुम्ही इथं काय करून राह्यल्या?"

"माझी गाडी न्हाई. तुझी हाय. बॅग भर जल्दी."

"अहो, पण तुमचं अधिवेशन..."

"मी ढीगभर बघितले. घरात कोणीतरी मागं राहावं लागतं, तवा बाई बाहेर पडती. मी इतकी सालं जायची, तवा माझ्या मागं कोण राहायचं, ठावं हाय का तुला? तुझीच सासू. देवळात चालले म्हणून निघायची अन् माझ्या घरी येऊन दोन्ही वेळेला तुझ्या काकांना जेवू घालायची. तिनं कधी तुला सांगितलं न्हाई. अन् आता तिच्या चुलीपुढं मी बसले. बराबर झालं."

मी वळून सासूबाईंकडं पाहिलं. डोळ्यावर हिरवी पट्टी, भिंतीला टेकून बसलेल्या.  "कोण बसंल" असं वर्षानुवर्षं विचारणारी ही बाई, दुसरीच्या चुलीपुढं किती वेळा बसली होती! मी दोघींच्याही पाया पडले. काकूंचे हात पिठानं भरलेले, त्यांनी मनगटानंच माझ्या डोक्याला स्पर्श केला.

त्यानंतर मी बरीच अधिवेशनं केली. परदेशातलंही एक केलं. काकू मात्र पुन्हा गेल्या नाहीत. गुडघे गेले, मग नजर गेली, आणि एका थंडीत काकूच गेल्या. लोक मला विचारतात, सगळ्यांत चांगलं अधिवेशन कोणतं झालं. मी कोल्हापूरचं सांगते. तिथल्या भाषणातलं मला एक अक्षर आठवत नाही. मी दोन्ही दिवस सभागृहात बसून एकाच गोष्टीचा विचार करत होते, की आत्ता या घटकेला जालन्यात माझ्या घरात एक म्हातारी माझ्यासाठी भाकरी थापतेय, आणि दुसरी बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून तिच्याशी बोलत बसलीय.