हिमतीचे पैसे

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या त्या उन्हाळ्यात ग्वाल्हेर मला सदा अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटायचं. की मीच झोपेत होते, कोण जाणे. सकाळी आठला कंपू भागातल्या घरातून निघायचं, गळ्यात कर्फ्यूचा पास, तोंडावर दोन मास्क, आणि माधवगंजपर्यंत चालत जायचं. रस्त्यावर कडुनिंबाची फुलं सांडलेली असायची आणि त्यांवरून एकही चाक गेलेलं नसायचं. मी मुद्दाम रस्त्याच्या मधोमध चालायची. आज कोणता वार हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

मी एका मोठ्या किराणा दुकानात मसाले तोलून पुड्या बांधायचं काम करत होते. कर्फ्यूमुळे गिऱ्हाइकांना आत यायची मनाई होती. याद्या फोनवर यायच्या, आम्ही सामान भरायचो आणि ते घरोघर जायचं. शटर अर्धं खाली असल्यामुळे आत अंधार आणि जमिनीलगत उजेडाची एक लांब पट्टी. त्या पट्टीत हळदीची धूळ तरंगायची आणि मी पुडी हातात तशीच धरून बघत बसायची.

"बाईसाहेब, उठा आता, सकाळ झाली," शेजारच्या टेबलावरून वहिनी म्हणायच्या.

वहिनी म्हणजे माझ्या कुणी नात्यातल्या नव्हेत. डाळ-तांदळाचं काम त्यांच्याकडे होतं आणि दुकानात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, म्हणून त्या वहिनी. राहायला बिर्ला नगरात. तिथून सायकल मारत यायच्या. त्यांच्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा त्यांना कंपूत डायलिसिससाठी आणावं लागायचं, आणि त्या दिवसांत ऑटोवाले तोंडाला येईल ते भाडं मागत होते.

लाट चढली तसे दुकानातले दोघे-तिघे यायचे बंद झाले. तेव्हा मालकांनी जाहीर केलं की जो येईल त्याला पगाराशिवाय रोज दीडशे रुपये जादा. आम्ही त्यांना भैयाजी म्हणायचो. "ये हिम्मत का पैसा है," ते म्हणाले. पैसे रोज संध्याकाळी हातात. जो आला नाही, त्याला नाही. ऐकायला किती सरळ होतं! आम्हाला तर चार दिवस छाती फुगवून चालल्यासारखं वाटत होतं. आतापर्यंत आमच्या हिमतीची किंमत कुणी केली होती?

भैयाजी माणूस वाईट नव्हते, पण डोकं फार चालवायचे. तापमापकावर त्यांचा विश्वास नव्हता. या आजारात वास येईनासा होतो असं त्यांनी कुठेतरी ऐकलं, आणि त्यांनी हिंगाची डबी काढली. झाकणाला बारीक भोकं असलेली छोटी स्टीलची डबी, आत चिमूटभर हिंग. रोज सकाळी दाराबाहेर आम्ही नऊ जण लांब-लांब उभे राहायचो, एकेकाने मास्क खाली करून वास घ्यायचा आणि सांगायचं. भैयाजी वहीत खूण करायचे. एकच डबी नऊ नाकांखाली फिरवायची आणि त्याला खबरदारी म्हणायचं, हे आठवलं की आता हसू येतं. डबी धरायचं काम मसालेवाली म्हणून माझ्याकडे आलं होतं.

त्या सकाळी मी रोजच्यासारखी डबी घेऊन ओळीने निघाले. एक झाला, दुसरा झाला. "आ रही है." "हाँ, आ रही है." वहिनींनी तर डोळे मिटून लांब श्वास घेतला आणि म्हणाल्या, "बापरे, आज तर एकदम कडक आहे!" सगळे हसले. शेवटी मी माझ्या नाकाशी डबी धरली.

काहीच नाही.

पुन्हा ओढून पाहिलं. काही नाही. घरी दम्याचे बाबा होते. सकाळीच त्यांच्या हातात चहाचा कप देऊन मी निघाले होते. भैयाजींनी वहीतून मान वर केली. "महक आई?"

"आ रही है," मी म्हणाले.

मला त्या दीडशे रुपयांची वहिनींइतकी गरज नव्हती, म्हणजे तेही कारण देता येत नाही. मी फक्त घाबरले. आठ जणांनी हो म्हटल्यावर नववीने नाही कसं म्हणायचं, एवढंच माझ्या मनात आलं. स्वतःबद्दल माझं मत बरं होतं, ते त्या सकाळी संपलं.

आत जाऊन मी पहिलं काम काय केलं, तर जिऱ्याच्या पोत्यात नाक खुपसलं. जिऱ्याचा वास आला. धन्याचा आला, काळ्या मिरीने तर सटासट शिंका आल्या. मग मी डबीचं झाकण उघडलं. आत कोरं, चकचकीत स्टील. आदल्या संध्याकाळी जुन्या डबीचं झाकण बसेना म्हणून मी फळीवरची तसलीच नवी डबी काढली होती, आणि त्यात हिंग भरायचंच विसरले होते. उजेडाच्या पट्टीकडे बघत बसले असणार.

सुटले, असं वाटून मी तिथेच पोत्यावर बसले. आणि मग रिकाम्या डबीला वहिनींनी म्हटलेलं ते 'एकदम कडक' आठवलं.

दुपारी आम्ही मागच्या दारापाशी एकमेकींकडे पाठ करून जेवायचो. मी पाठमोरीच विचारलं, "वहिनी, कधीपासून?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "चार दिवस झाले. ताप-वाप नाही गं, बस वास नाही."

"आणि घरी भाऊजी?"

"मी बाहेर आंगनात झोपते. मास्क लावूनच त्यांचं सगळं करते. तूच सांग, मी घरी बसली तर ऑटोवाल्याला काय देऊ? दोन वेळा नाही नेलं तर संपलं सगळं. तू नको ना सांगू कोणाला."

मला त्यांचा राग आला. चार दिवस त्या माझ्यापासून हातभर अंतरावर तांदूळ तोलत होत्या. राग आला आणि त्याच क्षणी शरमही वाटली, कारण मीही सकाळी तेच केलं होतं, तेही कोणतंही डायलिसिस नसताना. मी डबा न संपवताच उठले.

भैयाजी गल्ल्यावर वही घेऊन बसले होते. वहिनींचं नाव काढायचं नाही, फक्त स्वतःचं सांगायचं, असं ठरवून मी त्यांच्यासमोर रिकामी डबी उघडून ठेवली. "भैयाजी, सुबह ये खाली थी. मुझसे भरना रह गया. मुझे कुछ नहीं आया था, मैंने झूठ बोला."

त्यांनी डबीत पाहिलं. मग वहीत पाहिलं. आजच्या पानावर नऊ खुणा होत्या, एकाखाली एक, सगळ्या हो. माझ्या एकटीची म्हणून दिलेली कबुली सगळ्यांचीच झाली, हे मला त्यांचा चेहरा बघून कळलं.

त्यांनी सगळ्यांना बाहेर बोलावलं. दुपारचं ऊन, रिकामी गल्ली, आणि आम्ही पुन्हा तसेच लांब-लांब उभे. मला वाटलं, आता शिव्या पडणार, कदाचित नोकरीही जाणार. भैयाजी डबी हातात फिरवत उभे राहिले. शेवटी म्हणाले, "ग़लती मेरी है. मैंने आने के पैसे रखे, तो तुम आए." थोडं थांबून म्हणाले, "अब जो बीमार है, वो घर जाएगा, और पैसा घर पहुँचेगा. पगार भी, ऊपर का भी. अब सच बताओ, कौन-कौन?"

सगळ्यात आधी वहिनींचा हात वर गेला. नंतर तेलाच्या डब्यांपाशी काम करणाऱ्या काकांचा. मग आणखी एक. नऊ जणांत तिघे. बाकी आम्ही सहा नुसतेच खोटारडे.

वहिनींचा हात अजून वरच होता. शाळेत विचारतात तसं त्यांनी विचारलं, "भैयाजी, आज का भी मिलेगा?"

भैयाजींना त्यांच्याकडे बघवेना. "आज का भी," ते म्हणाले. "जाओ बेटा, घर जाओ."

वहिनी जागीच उकिडव्या बसल्या आणि पदर तोंडाशी धरून मोठ्याने रडायला लागल्या. आम्ही आठ जण भोवती उभे होतो आणि त्यांना जवळ घ्यायला एकानेही जायचं नव्हतं.