मामांचा राखून ठेवलेला दम

माझ्या सासऱ्यांना मी मामा म्हणते. लग्न होऊन पुण्याहून हैदराबादला आले त्याच दिवशी सासूबाईंनी सांगून टाकलं होतं, "आमच्यात सासरा म्हणजे मामा आन् सासू म्हणजे आत्याबाई. ते आई-बाबा तुमच्या पुण्यात." वाद घालणं माझ्या रक्तात असलं तरी मी नवी नवरी होते, म्हणून गप्प बसले. तेवढंच एकदा.

मामांचं नाव हणमंतराव. घराणं जुन्या निजामी मुलखातलं, शेतकऱ्याचं. पण मामांना मातीपेक्षा मोटरची ओढ. दिलसुखनगरला त्यांचं मिक्सर आणि पंखे दुरुस्त करायचं दुकान होतं. तेव्हा, म्हणजे नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा, बाजारात रोज नव्या कंपनीचा मिक्सर यायचा. जितके नवे मिक्सर तितक्या जळक्या मोटरी, त्यामुळे मामांना हे नवं युग फार पसंत होतं. गिऱ्हाइकानं नुसतं "कैकू जला, भाई?" म्हणायचा अवकाश, मामा त्या मोटरची जन्मापासूनची कथा एका दमात सांगून टाकायचे. गिऱ्हाईक थकायचं, मामा नाही.

या दमाची खरी कीर्ती मात्र काचीगुड्याच्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत होती. आरत्यांमध्ये एक जागा अशी येते की तिथला एक शब्द ताणवेल तितका ताणायचा. मराठी माणूस कुठेही राहो, त्या जागी आला की त्याला चुरस सुचतेच. एकेक आवाज गळत जातो आणि शेवटी दोघं उरतात. आमच्याकडे ते दोघं ठरलेले होते, मामा आणि सिकंदराबादचे अप्पाराव. अप्पाराव रेल्वेतले, अंगानं भक्कम, स्वभावानं लोणी. दरवर्षी तेही अखेर थांबायचे, आणि ते थांबले की मामा वर आणखी एक हेलकावा देऊन मगच सूर सोडायचे. आत्ताच कुठे सुरुवात केली होती, असा चेहरा करून. मांडवात हशा आणि टाळ्या.

एका पावसाळ्यात घरात व्हायरल ताप आला. एकेक करून सगळे पडलो, सगळे उठलो. मामांचाही ताप गेला, खोकला गेला, पण चार पावलं टाकली की धाप लागायला लागली. गणपतीत सूर ताणताना ते अर्ध्यावरच थांबले. अप्पाराव इतके दचकले की तेही थांबायच्या बेतात होते. मामा खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "मला दम लागू लालाय." त्यावर आत्याबाई, म्हणजे त्यांची सख्खी बायको त्रिवेणी, बायकांच्या घोळक्यातून सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं."

आता ही म्हण अशी जागेवर बसली की उचकटता येईना. एक्स-रे काढला तो स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, वहम है, नुसता मनाचा खेळ. मग काय, मामा जिना चढताना थांबले की माझा नवरा सारंग म्हणायचा, "अंगण वाकडं." जानेवारीत नामपल्लीच्या नुमाइशीला, म्हणजे तिथल्या मोठ्या प्रदर्शनाला गेलो. दरवर्षी आम्हाला दमवणारे मामा पहिल्याच गल्लीत बाकड्यावर बसले आणि म्हणाले, तुम्ही फिरून या. कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. हरलेला माणूस रुसलाय, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यांना धाप लागायची त्याचं दुःख नव्हतं, आपण खोटं बोलतो असं घराला वाटतं, याचं होतं.

मला आम्हा सगळ्यांचाच राग आला तो एकदा दुकानात गेले तेव्हा. गिऱ्हाइकानं विचारलं, मोटर का जळली? मामा म्हणाले, "जल गई." बस, एवढंच. हा माणूस नाटक करत नाही, हे मला तिथे कळलं. बोलायची संधी सोडून रुसणारे ते नव्हेत.

माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडून कळलं की शहरातल्या एका इस्पितळात डॉक्टर पद्मजा नावाच्या बाई अशाच माणसांचा अभ्यास करताहेत. व्हायरल ताप येऊन गेला, एक्स-रे साफ आहे, पण दम लागतो, अशा लोकांच्या छातीचे नव्या यंत्रावर सीटी स्कॅन काढून बघत होत्या. मी मामांना घेऊन निघाले. आत्याबाई बरोबर आल्या, "बघू तर काय दिसतंय ते," म्हणत.

त्या यंत्रात दोन प्रकारचे फोटो काढतात. आधी श्वास भरून घेऊन, मग सगळा सोडून. फोटो निघाले. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही दिव्यावर लावले. दोन्ही सारखेच, आणि दोन्ही स्वच्छ. मामांचा चेहरा उतरला. आत्याबाई जिंकल्या होत्या, पण त्यांनाही आनंद झालेला दिसला नाही.

डॉक्टरीणबाई मात्र फोटोकडे बघतच राहिल्या. "ये हवा की नली देखो," त्या हैदराबादी हिंदीत म्हणाल्या. "सांस छोडे तो पीछे से चपटी होती. इनकी दोनों में गोल है. इन्हों सांस छोडेच नहीं."

"छोडा ना," मामा दुखावून म्हणाले. "थोडा तो रखना पडता, डॉक्टर साब. पूरा कौन छोडता?"

आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. मग त्यांनी मोडक्या हिंदीत आणि मोठ्या आवाजात सगळं फोडलं. हा माणूस चोर आहे. इतकी वर्षं दरवर्षी दम चोरतो. अप्पाराव भोळे, ते छाती पार रिकामी करतात, आणि हे तळाशी घोटभर राखून ठेवतात. तो शेवटचा हेलकावा त्यातूनच यायचा. आता ती सवय अशी मुरली होती की डॉक्टरांनी सांगितलं तरी तळाचा दम सुटत नव्हता.

पुन्हा आत झोपवलं. काचेमागच्या तंत्रज्ञानं तेलुगूत सांगितलं, हिंदीत सांगितलं. मामा मनापासून सोडत होते आणि तरी राखत होते. शेवटी आत्याबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या. "अहो, आरतीतली ती जागा म्हणा. आणि तुमचा तो हेलकावा इथंच देऊन टाका. समोर अप्पाराव नाहीत, राखून काय करता?"

त्या थंडगार खोलीत, पाठीवर झोपून, मामांनी सूर लावला. पूर्वीचा भरदार आवाज नव्हता, तरी तो लांबत गेला. थांबला असं वाटलं, तेवढ्यात वर हेलकावा आला. बंद केलेल्या मिक्सरचं पातं शेवटचं फिरतं, तेवढाच. तंत्रज्ञ ओरडला, "अब रोको," आणि यंत्र फिरलं.

या वेळी फोटो वेगळे होते. श्वास सोडल्यावर फुप्फुस आकसून करडं दिसायला हवं, तसं ते बरंचसं दिसत होतं. पण जागोजागी काळे डाग तसेच होते. तापानं अगदी बारीक नळ्या आतून सुजल्या होत्या. हवा आत जात होती, बाहेर निघत नव्हती. "वहम नहीं है," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इनकी हवा अंदर अटकेली है." औषधं, तोंडातून ओढायचा फवारा आणि व्यायाम सांगितला. पुष्कळ सुधारेल, पण सगळं पूर्वीसारखं होईल असा शब्द देत नाही, असंही स्पष्ट सांगितलं.

आत्याबाई त्या डागांकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. "अंगण खरंच वाकडं होतं की हो," त्या म्हणाल्या. "आणि मीच तुम्हाला भर मांडवात हसले."

मामा मात्र फुप्फुसाचा आजार झालेल्या माणसानं इतकं खूश असू नये इतके खूश होते. त्यांनी ती फिल्म मागून घेतली आणि दुकानात ट्यूबलाइटवर अडकवली. मिक्सर घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला आधी स्वतःची हवा कुठे अटकली ते दाखवायचे, मग त्याची मोटर बघायचे. अप्पाराव मुद्दाम सिकंदराबादहून आले, फिल्म पाहिली आणि म्हणाले, "हणमंतराव, म्हणजे दरवर्षी मला फसवलंत?" मामा म्हणाले, "हौ." दोघांनी चहा घेतला.

पुढच्या गणपतीपर्यंत मामा जिना चढू लागले होते, मध्ये एकदा थांबून. आरतीतली ती जागा आली. एकेक आवाज गळाला. मामांनी या वेळी काही राखलं नाही, सगळा दम देऊन टाकला आणि लवकरच थांबले. हसत खुर्चीवर बसले. अप्पाराव एकटे उरले, असं आम्हाला वाटलं.

पण बायकांच्या बाजूनं एक बारीक सूर चालूच होता. आमच्याकडे बायका या चुरशीत पडत नसत. आत्याबाई डोळे मिटून उभ्या होत्या. अप्पारावांनी मान वळवून पाहिलं, चेहरा लाल होईपर्यंत ताणलं आणि अखेर सोडलं. तेव्हा आत्याबाईंनी वर एक हेलकावा दिला. तोच, मामांचा.

मांडव हसून लोटपोट झाला. मामांना हसता हसता धाप लागली, मी फवारा पुढे केला, तो त्यांनी हातानं बाजूला सारला. आधी बोलायचं होतं.

"थोडं तर राखून ठेवावं लागतं, अप्पाराव," ते म्हणाले. "मी घरी ठेवलं होतं."