काँगोला निघण्यापूर्वीचं वाचन

तार आली तेव्हा मी रजेवर गावी, उंद्रीला होतो. रजा रद्द, आठवड्याच्या आत युनिटला हजर व्हा, एवढाच मजकूर होता. पलटण शांतिसेनेत काँगोला जाणार, ही कुणकुण आम्हाला आधीच लागली होती. महाराष्ट्र राज्य होऊन अजून वर्षही झालं नव्हतं. मी कंपनीचा वायरलेस ऑपरेटर होतो. त्याच कंपनीतला लान्स नाईक शेख युसूफ चिखलीचा. तोही रजेवर आला होता.

आईनं विचारलं, "तिथं आपलं कोन हाय? तुले काऊन पाठवून राह्यले?"

हुकूम आहे, म्हटलं. त्यापलीकडे मलाच काही ठाऊक नव्हतं. काँगो आफ्रिकेत आहे, एवढंच. ते बरं वाटेना. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं चिखलीला गेलो, युसूफला सोबत घेतलं आणि आम्ही दोघं वाचनालयात गेलो.

तिथले ग्रंथपाल देशमुख गुरुजी. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं. आमचं काम ऐकून त्यांनी आफ्रिकेवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा काढला. पुस्तक घरी न्यायची परवानगी नव्हती. मग निघेपर्यंत आम्ही रोज दुपारी तिथे बसत होतो. गुरुजी एक पान वाचायचे आणि मराठीत सांगायचे.

बेल्जियमच्या राजानं तो अख्खा मुलूख स्वतःची खाजगी मालमत्ता म्हणून घेतला होता. जंगलातून रबर आणायची लोकांवर सक्ती होती. रबर कमी पडलं की गणवेशातले शिपाई गावात येत आणि माणसांचे हात तोडत. पुस्तकात एक फोटो होता. युसूफनं तो पाहिला आणि पान उलटलं नाही. गुरुजीही थांबले.

पुढचं वर्तमानपत्रांतून कळलं. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. लगेच फौजेनं बंड केलं, तांब्याच्या खाणींचा प्रांत फुटून निघाला, पंतप्रधानाला मारून टाकलं.

"गुरुजी, मंग आमी कोनाच्या बाजूनं जाऊन राह्यलो?" युसूफनं विचारलं.

"कोणाच्याच नाही. मध्ये उभं राहायला."

"मध्ये उभ्या मानसाले दोन्हीकडून लागते, गुरुजी."

गुरुजींनी पुस्तक मिटलं. त्या दिवशी त्यांनी आम्हाला चहा पाजला.

मुंबईहून जहाज, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पुढे विमान. आमची कंपनी त्या फुटीर प्रांतातल्या एका खाणीच्या गावाजवळ उतरली. काम ठरलेलं होतं. धावपट्टीवर पहारा, रेल्वे लाइनवर गस्त, पाण्याच्या टँकरला एस्कॉर्ट. तिथले लोक स्वाहिली बोलत. युसूफला त्यातले काही शब्द ओळखीचे वाटले. बातमीला ते हबारी म्हणत, मित्राला रफिकी, औषधाला दावा. युसूफची घरची बोली उर्दूकडची. महिन्याभरात तो बाजारात बोलू लागला. मला म्हणायचा, "अर्धी भाषा तं आपल्याच घरची हाय बे."

फुटीरांच्या फौजेशी आमचा गोळीबार सुरू झाला त्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी आमची गस्तीची तुकडी सुभेदार साहेबांच्या हाताखाली निघाली होती. एका वस्तीबाहेर रस्त्यावर झाडं तोडून आडवी टाकलेली होती. मागे भाले आणि जुन्या बंदुका घेतलेले लोक उभे होते. साहेबांनी पोझिशन घ्यायला लावली.

"हम मदद के लिए आए हैं. ये हमसे क्यों डरते हैं?" साहेब म्हणाले.

"वर्दी से डरते हैं, साब," युसूफ म्हणाला. "इनके साथ वर्दीवालों ने बहुत बुरा किया है. हमने पढ़ा है. इजाज़त हो तो मैं खाली हाथ जाता हूँ."

साहेबांनी थोडा विचार केला. "जाओ. बाकी सब, मेरे हुकुम के बिना फायर नहीं."

युसूफनं रायफल माझ्याजवळ दिली. दोन्ही तळवे समोर धरून तो सावकाश चालत गेला. रफिकी, रफिकी म्हणत होता. पलीकडून एक म्हातारा पुढे आला. त्यानं युसूफच्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. बोलणं झालं. युसूफ मागे वळून म्हणाला, "साब, अंदर एक औरत को गोली लगी है. दवा माँगते हैं."

साहेबांनी फर्स्ट एडची पेटी दिली. लोकांनी झाडं बाजूला ओढली. युसूफ त्या झोपडीत गेला, बाईची जखम बांधली आणि रिकामी पेटी घेऊन बाहेर आला. आमच्याकडे येताना तो हसत होता. तेवढ्यात रेल्वे लाइनच्या पलीकडून मॉर्टारचे गोळे पडायला लागले. फुटीरांची फौज तिकडे होती. दुसरा गोळा रस्त्यावर पडला.

मी सेटवर होतो. "मॉर्टार फायर, रेल्वे लाइनच्या पलीकडून. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"हालत? ओव्हर."

मी युसूफकडे पाहिलं. सुभेदार साहेब त्याच्याजवळ गुडघ्यावर बसले होते. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"फेटल. ओव्हर."

पलीकडून नाव विचारलं. ते मी एक एक अक्षर करून सांगितलं. पद्धत तशीच असते.

मायदेशी परतल्यावर पहिल्या रजेत मी त्याच्या वडिलांकडे गेलो. चाचा शिंपीकाम करत. मशीन थांबवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्या देशाचं मी बरंच सांगितलं. राजा, रबर, खाणी, कोण कोणाविरुद्ध होतं ते सगळं. त्यांनी एकच विचारलं.

"ते बाई वाचली का, बाबा?"

"मालूम नाही, चाचा. दुसऱ्या दिवशी आमाले तिथून हलवलं."

त्यांनी मशीनवरचं कापड सरळ केलं. मग म्हणाले, "वाचली असन. त्याच्या हाताले गुन होता."

लान्स नाईक शेख युसूफची कबर त्या खाणीच्या गावाबाहेर आहे. त्याच संध्याकाळी माती द्यायला त्या वस्तीतला म्हातारा आला होता. सोबत आणखी काही माणसं होती. कोणाच्याही हातात भाला नव्हता.