आठवी ‘ब’ची पालकसभा

चष्म्याच्या दुकानात मागच्या टेबलाशी बसणारी बाई हाताची फार हलकी. वाकडी झालेली काडी गरम वाळूत जरा धरून ती अशी सरळ करते, की कानामागे काही आहे याचाच गिऱ्हाइकाला विसर पडावा. पण तिचा विषय निघाला, की लोक आधी हातांबद्दल बोलत नाहीत, वजनाबद्दल बोलतात. एवढी मोठी बाई समोर बसलेली असते आणि लोकांना नुसतं ‘मोठी’ दिसतं, ‘बाई’ दिसतच नाही. मला याचा राग येतो, पण माझ्या रागाला विचारतो कोण.

धाकटी बहीण पहिल्यापासून शिडशिडीत आणि ही ढब्बू. वडिलांनी लाडानं ठेवलेलं नाव. पुढे लाड गेला, नाव राहिलं. बेचाळीस वर्षांत तिनं सगळं करून पाहिलं. उपास झाले, पहाटेचं चालणं झालं, नाक दाबून कडू रस पिणं झालं. चार किलो उतरायचं आणि पाच चढायचं. एकदा कान दुखतो म्हणून गेली, तर डॉक्टरांनी आधी काट्यावर उभं केलं. कानाचं आणि वजनाचं काय नातं, ते त्यांनाच ठाऊक. ती वजनाचा तक्ता घेऊन घरी आली आणि कान आठवडाभर ठणकत राहिला.

कुठे जायचं म्हटलं, की तिच्या डोळ्यांपुढे आधी खुर्च्या यायच्या. हातांच्या असतील का, प्लॅस्टिकच्या असतील का, भिंतीकडेची जागा मिळेल का. बसमध्ये माणसं उभी राहायची, पण तिच्या शेजारी बसायची नाहीत. चारचौघांत ती अर्धपोटी उठायची, घरी येऊन ओट्याशी उभ्यानं खायची आणि खाल्लं म्हणून स्वतःवरच चिडायची. नवरा बदलीच्या गावी. महिन्यातून दोनदा यायचा आणि आला की झोपायचा.

एक हौस मात्र तिनं सोडली नव्हती. मुलीच्या शाळेत आई म्हणून जाऊन बसायचं आणि शिक्षकांच्या तोंडून मुलीचं कौतुक ऐकायचं. मुलगी पाचवीत असताना ती गेली होती. बाक लहान होता, ती अडकली, उठताना बाकही तिच्यासोबत उठला आणि मागून पोरं फिदीफिदी हसली. त्यानंतर मुलगी सांगू लागली, की आता सभा होत नाहीत, मार्क फोनवर कळवतात. हिनं दोन वर्षं ते खरं मानलं. आता मुलगी आठवीत होती. यंदा सभा असो नसो, शिक्षक पालकांना भेटतात त्या शनिवारी शाळेत जायचंच असं ठरवून हिनं नवे कपडे शिवून घेतले आणि मालकांकडे त्या दिवशीची अर्धी रजा मागून ठेवली.

त्याच आठवड्यात, मंगळवारी दुपारी एक शिक्षिका निखळलेली काडी हातात धरून दुकानात आल्या. चष्म्याशिवाय त्यांना समोरचा माणूस म्हणजे नुसता धूसर आकार. गळ्यातलं ओळखपत्र मुलीच्याच शाळेचं. बारीक स्क्रू शोधता शोधता हिनं चौकशी केली, तर त्या आठवी ‘ब’च्याच वर्गशिक्षिका निघाल्या. हिचं काळीज सुपाएवढं झालं. तिनं मुलीचं नाव घेतलं.

“ती डावखुरी ना? ओळखते तर,” शिक्षिका म्हणाल्या. “तिच्या आईलाही ओळखते. बारीकशा आहेत, पटपट बोलतात, सारखं घड्याळ बघतात, पण एक सभा चुकवत नाहीत.”

बारीक, पटपट बोलणारी, घड्याळ बघणारी. ती धाकटी बहीणच, दुसरं कोण असणार? हिच्या चिमटीतला स्क्रू टेबलावर घरंगळला.

“तुम्ही कोण तिच्या?” शिक्षिकांनी विचारलं.

खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. पण त्या दोन शब्दांपायी मुलगी उद्या वर्गात खोटारडी ठरली असती. हिला मुलीचा राग आला, बहिणीचा त्याहून जास्त आला, आणि मग मुलीनं त्या हसण्यानंतर वर्गात काय काय ऐकून घेतलं असेल, तेही मनात आलं.

“मी मावशी,” ती म्हणाली.

काम पाच मिनिटांचं. तिनं अर्धा तास लावला. काचा दोनदा पुसल्या, धड असलेली दुसरी काडीही उगाच वाळूत धरली आणि मुलीबद्दल एकेक विचारत राहिली. शिक्षिका सांगत गेल्या. निबंध तर छानच लिहिते, पण तिनं फळ्यावर लिहायला घेतलं, की सगळा वर्ग गप्प होऊन बघतो. मधल्या सुट्टीत मात्र एकटी असते आणि डबा अर्धाच खाते.

“वजन वाढेल म्हणते,” शिक्षिका म्हणाल्या. “एवढीशी पोर. तिच्या आईला सांगितलं मी, त्यांनी हसण्यावारी नेलं. शनिवारच्या सभेत पुन्हा सांगणार आहे.”

हिनं चष्मा त्यांच्या नाकावर बसवला, कानामागून बोट फिरवून पाहिलं. शिक्षिकांना आता नीट दिसू लागलं. त्या हिच्याकडे बघतच राहिल्या.

“अहो, पोर तर तुमच्यावर गेलीय. तेच डोळे, तीच जिवणी. आईचं काहीच घेतलं नाही तिनं.”

“हो,” ती म्हणाली, “सगळे तसंच म्हणतात.”

शिक्षिका गेल्यावर तिनं मालकांना सांगून शनिवारची रजा रद्द केली. मनात काही सललं, की ती पहिल्यांदा बहिणीला सांगायची; तिला दुसरं कुणी नव्हतंच. आज सांगायचं होतं ते बहिणीबद्दलच. ती संध्याकाळपर्यंत येईल ते काम उरकत बसली.

घरी पोचली तोच बहिणीचा फोन आला. शनिवारी भाचीला घेऊन जरा बाजारात जाऊ का, दोन तासांत परत आणते, असं ती विचारत होती.

“जा,” ही म्हणाली. “आणि तिच्या बाईंना सांग, डब्याकडे मी लक्ष देते.”

 एवढं बोलून हिनं फोन ठेवला आणि मुलीला जेवायला हाक मारली.