पिशवी उघडा

गजेंद्र नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात गेटवरचा मुख्य पहारेकरी. पाळी सुटली की शिलाईच्या बाया रांगेनं बाहेर निघायच्या आणि हा प्रत्येकीची पिशवी उघडून पाहायचा. कापडाचा तुकडा, दोऱ्याचं रीळ, काही म्हणजे काही बाहेर जाता कामा नये. जायचंही नाही. त्याच्या नजरेवर साहेबांची भारी मदार, आणि त्यालाही त्या नजरेचा अभिमान. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, पत्ते नाहीत, कोणाचं ओरबाडून खाल्लं नाही. फक्त समोरचा काहीतरी लपवतोच आहे, असं त्याला सवयीनं वाटायचं.

अकोल्याची इंदू आत्या त्याला कधीची बोलावत होती. तिचा मुलगा श्याम आणि सून साधना दर रविवारी सरकारी दवाखान्याबाहेर रोग्यांच्या नातेवाइकांना जेवण वाढत. "एकडाव ये न् हात लाव, तुलेबी बरं वाटन," आत्या फोनवर म्हणायची. हा 'येतो येतो' करत राहायचा. यंदा दिवाळीत कारखाना बंद राहिला, त्याची बायको रागिणी माहेरी गेली, तेव्हा राजापेठेतल्या घराला कुलूप लावून त्यानं मोटरसायकल काढली.

इतक्या लांब तो एकटा कधी गेला नव्हता. बडनेरा मागं पडलं तसा रस्ता मोकळा झाला. दोन्हीकडं कपाशी फुटलेली, वेचणाऱ्या बाया ओळीत वाकलेल्या. मागं कोणी 'सावकाश चालवा' म्हणणारं नाही. पेट्रोल भरताना पंपावरच्यानं सहज विचारलं, "कुठं चालले, भाऊ?" तर यानं छाती काढून सांगितलं, "अकोल्याले. सेवा कराले."

आत्यानं दारातच त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "एकटाच आला, गजू? रागिणीले काहून नाई आणलं?" साधना पोळ्या लाटत होती, पाहता पाहता टोपलं भरलं. जेवणाचा सगळा सरंजाम रिक्षात चढवून मंडळी दवाखान्यापाशी पोचली तर रांग आधीच लागलेली होती. श्याम वरण-भातावर उभा राहिला. पोळ्यांचं टोपलं गजेंद्रच्या पुढ्यात ठेवून म्हणाला, "दादा, जो मांगन त्याले द्यायचं. कोणाले काई इचारायचं नाई."

सुरुवातीला छान चाललं. लोक 'द्या भाऊ' म्हणत होते, हा देत होता. मग त्याला एक म्हातारी दिसली. हिरवं लुगडं, खांद्यावर कापडी पिशवी. ती पोळ्या घेऊन गेली आणि परत रांगेत उभी राहिली. पुन्हा घेतल्या, बाजूला झाली, पाठ फिरवून पिशवीत काहीतरी सरकवलं आणि तिसऱ्यांदा त्याच्यासमोर आली.

"ओ बाई, थांबा. पिशवी उघडा."

हे तो बोलला नाही, त्याच्या तोंडातून निघालं. गेटवरचाच आवाज, तसाच चढा. म्हातारी दचकली. तिनं मुकाट्यानं पिशवी त्याच्यापुढं धरली आणि त्यानं आत हात घातला. फणी, तांब्या, धुतलेल्या फडक्यात बांधलेल्या पोळ्या. त्यानं फडकं वर काढलं. सगळ्यांनी पाहिलं.

"पोराले आहे जी," ती म्हणाली. "त्याचा पाय मोडला. त्याले खाली येता येत नाई." आणि ती एकेक पोळी परत टोपल्यात ठेवू लागली.

तेवढ्यानं भागलं असतं तरी बरं. पण तिच्या मागच्या माणसानं न सांगता आपली पिशवी उघडली. त्याच्या मागच्या बाईनंही पदराची गाठ सोडली. कोणी त्यांना काही म्हटलं नव्हतं. सारी रांग त्याला आपापल्या पिशव्या दाखवायला लागली.

"बंद करा जी, बंद करा," श्याम ओरडला. गजेंद्रचे कान तापले. मान वर होईना. आत्यानं येऊन त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं, पण तोवर म्हातारी निघून गेली होती. आत्या रागावली नाही. डब्यात पोळ्या आणि वरण भरून तिनं डबा त्याच्या हाती दिला. "जा. तिले पाहून ये."

या वॉर्डातून त्या वॉर्डात तो फिरला. शेवटी ती सापडली. खाटेवर तिचा मुलगा, पाय टांगलेला. गजेंद्रला पाहताच तिनं पिशवी खाटेखाली सरकवली, आणि मग काय वाटलं कोण जाणे, स्वतःच ओढून काढून त्याच्यापुढं धरली. "पाहा ना भाऊ. आता काई नाई माह्याजवळ."

मुलगा एकदा आईकडं, एकदा या अनोळखी माणसाकडं पाहत होता. 'माफ करा' एवढंच म्हणायचं होतं. जिन्यावर त्यानं ते घोकलं होतं. पण तोंडातून निघालं भलतंच. "आत्यानं पाठवलं." डबा ठेवून तो वळला. आत्याचं नाव पुढं करून आपण निसटलो, हे त्याला दारातच कळलं. तरी तो मागं फिरला नाही.

त्या दिवशी त्यानं मागच्या बाजूला बसून सगळी भांडी घासली. पुढच्या रविवारी पुन्हा अकोल्याला गेला, पण ती खाट रिकामी झाली होती. कारखान्यात साहेबांना सांगून त्यानं ट्रकच्या गेटावर ड्यूटी मागून घेतली. साहेब म्हणाले, "काहून? तुझ्यासारखी नजर कोणाची आहे?" त्यानं खाली पाहून 'डोळे दुखतात' म्हटलं.

थंडी सरता सरता रागिणीही त्याच्यासोबत निघाली. बोरगाव मंजूच्या अलीकडं संत्र्यांच्या ढिगापाशी त्यानं गाडी थांबवली आणि उभ्या उभ्या तिला सगळं सांगून टाकलं. हसेल, नाहीतर 'जाऊ द्या' तरी म्हणेल, असं त्याला वाटलं होतं. ती संत्रं सोलत राहिली.

"माही पिशवीबी तुमी तशीच पाह्यता," ती म्हणाली. "बाजारातून आली का."

"मी? कधी?"

"रोज."

तिनं अर्धं संत्रं त्याच्या हातावर ठेवलं. ते तोंडात घालायचंही त्याला सुचेना. मग तीच म्हणाली, "चला, आत्याबाई वाट पाहून राहिल्या असतीन."