अंघोळीची तालीम

हृदय तीस टक्केच चालतंय असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा जैतूनबींनी किती दिवस उरले ते विचारलं नाही. "खाली बसून बाईला अंघोळ घालता येईल का?" एवढंच विचारलं. कसली अंघोळ, हे डॉक्टरांना समजावून सांगावं लागलं.

उदगीरहून नवऱ्यामागे आकुर्डीत येऊन त्यांना अडतीस वर्षं झाली होती. वस्तीत कुणी मुसलमान बाई गेली की गुसल द्यायला, म्हणजे शेवटची अंघोळ घालायला, बोलावणं त्यांनाच यायचं. आता त्यांना घोर एकच होता: आपल्याला कोण घालणार? फोन केला की गाडीतून हातमोजे घालून येणाऱ्या बायका होत्या. पण जिवंतपणी कुणाला पाठ चोळू दिली नाही, ती आता अनोळखी हातात कशी द्यायची? मुलगी नव्हती. राहिली सून, निलोफर. चाकणच्या कंपनीत ती सुटे भाग तपासायची. केसाएवढा चरा तिच्या नजरेतून सुटत नसे, पण माहेरी आजी वारली तेव्हा ती भीतीने माळ्यावर जाऊन बसली होती.

रविवारी जैतूनबी अंगावर चादर घेऊन पलंगावर आडव्या झाल्या आणि निलोफरच्या हातात रिकामा मग दिला.

"कर सुरू."

निलोफरने डाव्या खांद्यावर मग उपडा केला.

"उजवीकडून आधी."

"अम्मी, मय्यत बोलत नसते."

"म्हणून तर आत्ताच सांगतेय."

काखेत हात गेला तशा त्या खुदकन हसल्या. तेवढ्यात शेजारच्या कुसुमताई मिक्सरचं भांडं मागायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"हे काय चाललंय?"

"माझी अंघोळ. बसा, होतच आलीय."

कुसुमताई बसल्या.

असे तीन रविवार गेले. मग पुनावळ्याच्या खैरूनखाला वारल्या. सासू-सून दोघी गेल्या. जैतूनबी मय्यत ठेवलेल्या फळीजवळ बसायला वाकल्या आणि त्यांना धाप लागली. कुणीतरी खुर्ची दिली. निलोफरने त्यांच्याकडे पाहिलं, ओढणी कमरेला खोचली, कोपर बुडवून पाणी पाहिलं आणि त्यात थोडं गार ओतलं. चादरीखालून आधी उजवी बाजू, मग डावी. पाठ धुवायला कूस बदलायची तर एकटीला जमेना. पडद्याजवळ खैरूनखालांची लेक हुंदके देत होती.

"ताई, नंतर रडा. आधी खांद्याला धरा."

लेकीने धरलं. जैतूनबी खुर्चीत गप्प होत्या. एवढा वेळ गप्प बसणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

परतताना रिक्षात त्या बाहेर बघत म्हणाल्या, "पाणी बेताचं कोमट होतं."

निलोफरच्या हातांना गुसलच्या पाण्यातल्या कापराचा वास येत होता. "अम्मी, एक बोलू?"

"बोल."

"खैरूनखाला वजनाने तुमच्या निम्म्याही नव्हत्या. तुमची कूस दोघींनाही बदलता यायची नाही."

दुसऱ्या दिवशी जेवताना जैतूनबींनी ताटातली दुसरी भाकरी उचलून टोपलीत परत ठेवली.

"अम्मी, भूक नाही का?" मुलाने विचारलं.

"आहे ना," त्या म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या.