चित्र्याच्या भीतीवरचं औषध

"हा पिसाळलेला नाही. याला भीतीचा आजार जडलाय," संगमनेरच्या गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली. आमचा कुत्रा चित्र्या दहा दिवस तिथं साखळीला होता. तो मला चावला होता, म्हणून मामांकडे राहून मी रोज सरकारी दवाखान्यात पोटात इंजेक्शनं घेत होते. सकाळी माझी रांग, दुपारी त्याच्या खोलीबाहेरचा बाक. त्या दिवसांत आम्हा दोघांपैकी कोण मरणार, एवढाच विचार डोक्यात असे.

बहात्तरच्या दुष्काळातली ही गोष्ट. विहिरी आटल्या होत्या आणि जो तो आपली विहीर खोल करत होता. दिवसभर सुरुंग उडत. आमच्या विहिरीतला एक उडाला नाही. वात विझली असेल म्हणून आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, बघायला खाली उतरले, आणि तो उडाला. चित्र्या तेव्हा काठावर उभा होता.

तेरावा होईपर्यंत कुत्र्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. नंतर शेजारच्या मळ्यात सुरुंग उडाला, तसा तो गोठ्यात गव्हाणीखाली घुसला. तोंडातून लाळ गळत होती. गव्हाणीचं लाकूड चावून चावून हिरड्या रक्ताळल्या होत्या. पुढं पुढं भाकरीलाही तोंड लावीना. त्याला ओढून काढायला गेले तर माझं मनगट फोडलं. लाळ बघून सगळे म्हणाले, पिसाळलाय, मारून टाका. धाकट्या दिरानं काठी उचलली. मी मध्ये उभी राहिले. मालकांच्या मागं मागं फिरलेला तो जीव होता, मला तो मारवेना. दीर बिचारे काठी टाकून, चित्र्याला दवाखान्यात न्यायला गाडीला बैल जुंपायला गेले.

डॉक्टरांनी मला 'अँग्झायटी' हा शब्द सांगितला. म्हणजे धोका टळला तरी जिवातली धडकी जात नाही. आवाज झाला की त्या जनावराला वाटतं, तेच पुन्हा घडतंय. त्यांनी फिनोबार्बिटोनच्या गोळ्या दिल्या. माणसांना फेफऱ्यावर देतात त्याच. हे 'सेडेटिव्ह', म्हणजे मेंदू शांत करणारं औषध.

"गोळीनं भीती जात नाही, बाई. जरा लांब सरकते. तेवढ्यात त्याच्याजवळ बसत चला. आणि मनानं गोळी बंद करू नका, झटके येतील," ते म्हणाले.

दुधात कुस्करलेल्या भाकरीत मी गोळी घालू लागले. पहिले काही दिवस चित्र्याचे मागचे पाय लटपटत. पडून राही, हाक मारली तर नुसते डोळे उघडी. मला वाटलं, हाही चालला. पुन्हा गाडी जुंपून नेलं. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. हळूहळू तो उठून अंगणात येऊ लागला. सुरुंग उडाला की कापायचा, पण गव्हाणीखाली जायचा नाही. माझ्या मांडीत डोकं खुपसून बसायचा. मी त्याला थोपटत राही. पहिल्यासारखा मात्र तो कधीच झाला नाही. विहिरीच्या वाटेला त्यानं पुन्हा पाऊल टाकलं नाही.

माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, हे सगळं उंबऱ्यात बसून बघत. सुरुवातीला त्या म्हणाल्या होत्या की घरातलं माणूस गेलं आणि ही कुत्र्याला औषध पाजतेय. मुलगा गेल्यापासून त्या धड जेवत नव्हत्या की झोपत नव्हत्या. सुरुंगाचा आवाज आला की हातातलं काम टाकून भिंतीला पाठ लावून बसत. दुःखानं बाई खुळावली, असं लोक म्हणत. आम्हीही तेच धरून चाललो होतो.

एकदा आवाज झाला आणि चित्र्या माझ्याजवळ आला. आत्याबाईही उठून आल्या आणि त्याच्या पलीकडं टेकल्या. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "मला बी ने गं दवाखान्यात. माझ्या बी छातीत असंच हुतंय."

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना संगमनेरला माणसांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. कधीपासून होतं, असं त्यांनी विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, "माझा भीमा हिरीत गेला, तवापासनं." मुलगा गेला त्या दिवसापासून हे नाव त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

त्यांनाही गोळ्या मिळाल्या. झोप लागू लागली, चार घास जाऊ लागले. दुःख कमी झालं असं मी म्हणणार नाही. चित्र्या पुढं म्हातारा होऊन गेला, तेव्हा त्या पोटचं पोर गेल्यासारख्या रडल्या.

ज्यांच्या घरात असं कुणी कापत बसलेलं असेल, माणूस असो की मुकं जनावर, त्यांना एवढंच सांगते: त्याला वेडं म्हणू नका, काठी उचलू नका. आपल्या मनानं औषध देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. आणि औषध लागू पडेपर्यंत त्याच्याजवळ बसा. आमच्या घरात मुक्या जनावरानं आधी दुखणं दाखवलं, म्हणून एका आईला ते बोलता आलं.